मोटारीचे इंधन आणि बचतीची आश्वासने

इंधननळीवर बसवावयाचे लोहचुंबक, टाकीत टाकावयाच्या गोळ्या, पाण्यापासून वायू निर्माण करणाऱ्या बाटल्या, अशा नाना वस्तू मोटारमालकांपुढे येत असतात. त्यांपैकी कित्येकींच्या वेष्टनांवर वीस-पंचवीस टक्के पेट्रोल वाचेल असे छापलेले आढळते. हे शक्य आहे काय, हे ठरविण्यासाठी एंजिनात पेट्रोलचे काय होते ते प्रथम पाहिले पाहिजे.

सुस्थितीतील एंजिनात शिरलेल्या पेट्रोलपैकी शेकडा ९७ हून अधिक भाग जळून जातो. तथापि त्यातून निघालेल्या उष्णतेचा बराच मोठा भाग धुराबरोबर व रेडिएटरवाटे हवेत मिसळतो. चाके फिरविण्याच्या कामी येतो तो एकतृतीयांशाहूनही कमी. हा व्यय अपुऱ्या ज्वलनामुळे होत नाही. उष्णतेचे गतीत रूपांतर करणाऱ्या प्रत्येक एंजिनाला तो थोडाफार सोसावाच लागतो. विक्रेते घोटाळा करतात तो नेमका येथे. बरेचसे पेट्रोल वाया जाते, हे खरे सांगून ते न जळताच वाया जाते असे ते सुचवितात. परंतु न जळलेला भागच जेथे दोन-तीन टक्के, तेथे ज्वलन पूर्ण करून पंचवीस टक्के कोठून वाचणार?

चुंबकाचा पेट्रोलवर होणारा परिणाम इतका क्षीण असतो की त्याने ज्वलनात फरक पडत नाही. पाण्याच्या बाटलीची कथा अधिक मनोरंजक आहे. पाण्याचे विघटन करण्यास वीज लागते. ती मोटारीतील जनित्र पुरविते. जनित्राला एंजिन फिरविते आणि एंजिनाला पेट्रोल. वायू जाळून परत मिळते ते खर्चिलेल्या ऊर्जेहून कमीच. रुपया मोडून आठ आणे घेण्याचाच हा व्यवहार!

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत अशा साधनांकडे सरकारचे लक्ष गेले. १९७५ च्या कायद्याने तपासणीचे काम तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेकडे आले व तिने पुढे शंभराहून अधिक साधने पारखली. फारच थोड्यांपासून बचत झाली, आणि तीही किंचितच. काहींनी तर धुरातील दूषित वायू वाढविले.

मग अनुभवाने खात्री पटल्याचे सांगणारे सारेच खोटे बोलतात काय? तसे नव्हे. साधन बसविणारा मालक त्याच वेळी बहुधा एंजिनाची दुरुस्ती करवितो, टायरांत हवा भरतो आणि हिशेब ठेवावयाचा म्हणून मोटारही सावकाश हाकतो. शिवाय टाकी प्रत्येक वेळी नेमक्या त्याच पातळीपर्यंत भरत नाही. प्रयोगशाळेत तीच मोटार रुळांवर, ठरलेल्या तपमानात व ठरलेल्या वेगक्रमाने, साधनासह आणि साधनाविना अनेकवार चालवितात. विक्रेत्याजवळ अशा चाचणीचा स्वतंत्र अहवाल मागावा. प्रशस्तिपत्रे त्याच्या जागी चालत नाहीत.

चारही टायरांतील दाब दर चौरस इंचास एका पौंडाने उतरला, तर पेट्रोलचा खर्च सुमारे ०.२ टक्के वाढतो. पेट्रोल पंपावर ही हवा अनेकदा फुकटच भरून मिळते.