जुना रुपया घासू नका

जळगाव-धुळ्याच्या सराफीत जुने चांदीचे रुपये मोडीला येतात. रुपया काळा दिसला की आपला हात आधी रिठ्याकडे, चिंचेकडे, नाहीतर तेजाबाकडे जातो. दागिन्याला ते चालते. संग्राहकाला विकायच्या नाण्याला नाही.

हा काळेपणा म्हणजे हवेतील गंधकाच्या वायूमुळे चांदीवर बसलेला थर. तो घासून काढला की वरची चांदीही त्याबरोबर जाते. औरंगजेबाच्या काळातला (१६५८-१७०७) बुऱ्हाणपूर टांकसाळीचा रुपया घ्या. फारुकी सुलतानांच्या खानदेशची ही राजधानी. नाण्यावर फारसीत 'जर्ब बुरहानपूर' असते. उर्दू वाचणाऱ्या आमच्या कारागीर बंधूंना ते सहज लागते. पण ठसा बहुधा नाण्यापेक्षा मोठा, त्यामुळे अक्षरे अर्धीच उमटलेली. तीही घासली तर हातात उरते सुमारे ११ ग्रॅम चांदी, आणि मिळतो तो मोडीचा भाव.

माती असेल तर नाणे बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवावे आणि मऊ सुती कापडाने नुसते टिपावे. तांब्याच्या पैशावर हिरवी भुकटी सुटत असेल तर तो वेगळा, कोरडा ठेवावा. ओल लागली की ती आत खात जाते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातही तांबे हिरवे पडते. रबरबँड तर नकोच, त्यात गंधक असते.

नाणे आधीच कोणी उजळले असेल तर आम्ही म्हणू, गिऱ्हाइकाला तसे सांगूनच विकावे. चकचकीत मोगल रुपया पाहून जाणकार तसाही बिचकतो.