प्राथमिक शाळेतील पक्षी-शिक्षण : शेतकऱ्यांनी काय द्यावे?

हरभऱ्यात पक्षीथांबे उभारावेत ही शिफारस आपण अनेकदा वाचली असेल. टी आकाराची काठी पिकापेक्षा हातभर उंच रोवली की त्यावर कोतवाल, साळुंकी, खाटीक येऊन बसतात व घाटे अळ्या टिपतात. वेडा राघू उडते पतंग हवेतच पकडतो. काही वर्षांपूर्वी एका गावी प्रात्यक्षिकाच्या प्लॉटमध्ये आम्ही असे थांबे लावले. आठवड्याने पाहणीस गेलो तर थांब्यांखाली दोन कोतवाल मरून पडलेले. औषधाचा काही संबंध नव्हता. बांधावर तिसरी-चौथीतील चार मुले गलोली घेऊन बसली होती. उघड्या रानात उंच काठीवर बसलेला काळा पक्षी, नेम धरायला याहून सोपे काय असणार? आम्ही पाखरांना बसायला जागा दिली आणि पोरांना निशाणा दिला.

मुलांना मी रागावलो. त्यांतील एकाने विचारले, "सर, पण त्यो करतो तरी काय?" या प्रश्नाचे उत्तर त्याला कोणी दिलेच नव्हते. त्याच्या वडिलांना मी दिले होते, शिबिरात, छापील घडीपत्रिकेसह. परंतु दिवसभर बांधावर असतो तो मुलगा. ज्याच्या हातात गलोल आहे त्याच्यापर्यंत आमची शिफारस गेलीच नव्हती. तेव्हापासून ज्या गावी पक्षीथांबे लावायचे त्या गावच्या प्राथमिक शाळेत आधी जावयाचे, असे मी ठरविले आहे. शाळेतील एका वर्गाच्या पक्षी-शिक्षणाचे पालकत्व गावातील शेतकऱ्यांनीच घ्यावे, असे माझे मत होत गेले. ते कसे घ्यावे याविषयी या लेखात माहिती देत आहे.

तक्ते नकोत, शिवार हवे

सुरुवातीस माझीही चूक झाली. मी बाजारातून पक्ष्यांचे रंगीत तक्ते विकत घेऊन वर्गात लावले. त्यांवर शहामृग, पेंग्विन, किवी असे पक्षी होते. मुलांनी दोन दिवसांत नावे पाठ केली. पण शाळेच्या लिंबावर ओरडणारा पक्षी कोणता, हे विचारल्यावर वर्ग गप्प. तक्त्यावरचा पैसा वाया गेला असे मी म्हणेन. तिसरीपासून मुलांना परिसर अभ्यास हा विषय असतो आणि परिसर तर शाळेच्या कुंपणापलीकडेच पसरलेला असतो. तेव्हा खर्च करावयाचा तो मुलांना शिवारात नेण्यासाठी करावा.

वीस-पंचवीस मुले, एक शिक्षक व गावातील दोन जाणती माणसे एवढा गट पुरे. सकाळी सात ते साडेआठ ही वेळ उत्तम. प्रत्येकाच्या वहीत पाच रकाने असावेत : तारीख, वेळ, पीक, पक्षी आणि तो काय करीत होता. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. नाव माहीत नसले तरी चालेल, मुलाने "काळा, शेपूट दुभंगलेली, काठीवरून खाली झेपावला, परत बसला, चोचीत हिरवी अळी" असे लिहिले तर तो कोतवालाचा धडा शिकलाच. नाव सांगण्याचे काम सोबतचे आजोबा करतात, आणि बहुधा आमच्यापेक्षा चांगले करतात. पिंगळा, टिटवी, चंडोल, होला, कापशी, भारद्वाज ही नावे गावात जिवंत आहेत. फक्त ती नातवापर्यंत पोहोचण्याची सोय राहिलेली नाही.

गलोल हाती असलेले मूल शत्रू समजू नये. थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांची सुरुवातही बंदुकीनेच झाली. लहानपणी त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून मामांनी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील मानद सचिव मिलार्ड साहेबांनी रागावण्याऐवजी कपाटांचे खण उघडून भरलेले पक्षी दाखविले. पुढे १९४१ साली याच मुलाचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. आपल्या गावात मिलार्ड साहेब नाहीत, पण खण उघडून दाखविण्याइतके शिवार आहे.

भोरड्यांचे काय?

एका पालकसभेत एक वृद्ध शेतकरी उठून म्हणाले, "साहेब, पाखरं राखायची म्हणता, मग भोरड्यांनी ज्वारी खाल्ली तर भरून कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. भोरड्यांचा थवा दाणे भरत आलेल्या ज्वारीवर उतरला की कणसे रिकामी होतात. पोपट व चिमण्याही नुकसान करतात. "सर्व पक्षी शेतकऱ्याचे मित्र" असे वर्गात शिकविले तर मूल घरी जाऊन खोटे पडते व पुढचे काहीच ऐकत नाही. म्हणून धडा खरा असावा. हीच भोरडी टोळांचा फडशा पाडते. दाणे टिपणारी चिमणी आपल्या पिलांना मात्र अळ्या-किडेच भरविते. उलट ज्याला आपण मित्र म्हणतो तो वेडा राघू मधमाश्याही खातो, मधपेट्या ठेवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. कोणता पक्षी, कोणत्या पिकात, कोणत्या महिन्यात, हे पाहून ठरवावयाचे असते आणि वहीतील पाच रकाने त्यासाठीच आहेत.

भोरड्या हाकलाव्यात, अवश्य हाकलाव्यात. माळ्यावरून आरोळी द्यावी, डबे वाजवावेत, चमकणाऱ्या फिती बांधाव्यात. गोफणीचा आवाज पुरतो, दगड थव्यात सोडण्याची गरज नाही. विष कालविलेले धान्य मात्र कदापि टाकू नये. ते भोरडी व मोर यांत भेद करीत नाही आणि बांधावर खेळणाऱ्या मुलालाही ओळखत नाही. त्या आजोबांना मी शाळेच्या फेरीला येण्याची विनंती केली. ते आले, मात्र "ज्वारी निघाल्यावर बोलू" असे बजावूनच.

घुबडाची गोळी

मुले सर्वांत रमतात ती या धड्यात. गव्हाणी घुबड उंदीर बहुधा सबंध गिळते. न पचलेली हाडे व केस यांची गोळी करून ते तोंडावाटे टाकून देते. जुना वाडा, पडका गोठा, वडाची ढोली यांखाली अशा राखाडी-काळपट गोळ्या सापडतात. पिंगळ्याच्या गोळ्या लहान असतात व त्यांत भुंग्यांचे पंख-पाय जास्त आढळतात. गोळ्या मोठ्या माणसाने हातमोजे घालून गोळा कराव्यात, जंतुनाशक टाकलेल्या पाण्यात भिजवाव्यात आणि मग चिमट्याने सोडवून मुलांसमोर पांढऱ्या कागदावर मांडाव्यात. उंदरांच्या कवट्या, जबडे, पिवळसर पुढचे दात स्पष्ट दिसतात. एका गोळीत दोन-तीन कवट्या निघाल्या की वर्गात गलका होतो. नंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. घुबड अशुभ असते, असे घरी ऐकून आलेले मूल या कवट्या मोजल्यावर निदान प्रश्न तरी विचारू लागते.

येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. एका मुलीच्या वहीत अशी नोंद होती : "पिंगळा. बाभळीखाली. मेलेला. हात लावला नाही." आदल्या आठवड्यात त्याच रानात उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनचे आमिष ठेवलेले होते. हे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाला आयता सापडतो. त्या पिंगळ्याचे मरण त्यामुळेच झाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण तपासणी झाली नव्हती. पण पालकसभेत ती नोंद वाचली गेली तेव्हा आमिष ठेवणारे गृहस्थ, म्हणजे त्या मुलीचे चुलते, खाली मान घालून बसले होते. मलाही अवघडल्यासारखे झाले. आमिष बिळातच ठेवावे, मेलेले व सुस्त उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत, हे आम्ही शिबिरात सांगतो, पण घाईघाईत. त्या दिवसापासून सावकाश सांगतो. मेलेल्या पक्ष्याला मुलांनी हात लावावयाचा नाही, मोठ्यांना कळवावयाचे, हा नियम पहिल्याच दिवशी शिकवावा.

काय द्यावे, कसे द्यावे

रोख रक्कम शक्यतो देऊ नये, वस्तू द्याव्यात. आठ बाय चाळीस मापाच्या दोन दुर्बिणी (आठपट मोठे दिसते, पुढील भिंग चाळीस मिलिमीटरचे), मराठी नावे असलेले एक चांगले पक्षी-पुस्तक व मुलामागे एक वही एवढ्यात काम सुरू होते. एका एकराच्या दोन फवारण्यांना औषध-मजुरीसह जे पैसे जातात त्यात साधारण एक साधी दुर्बीण येते. दहा-बारा शेतकऱ्यांचा गट किंवा दूध संस्था हा भार सहज उचलू शकेल. मुख्याध्यापकांशी बोलून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडावा आणि वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवून घ्याव्यात. नाहीतर दुर्बीण वर्षभरात कोणाच्या तरी घरी जाते, हा अनुभव आहे.

पैशापेक्षा अवघड देणे म्हणजे वेळ व रान. महिन्यातून एक सकाळ आपल्या शेतात मुलांना येऊ द्यावे. त्या दिवशी व त्याआधी काही दिवस फवारणी करू नये, लेबलवरील प्रवेशबंदीचा काळ पाळावा. विहिरीला कठडा नसेल तर फेरी त्या बाजूने नेऊ नये. घरट्यांना व अंड्यांना हात लावू देऊ नये. शाळेत पिंजऱ्यातील पोपट आणून धडा घेण्याचा मोह टाळावा, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार तो गुन्हा आहे.

सुरुवात पावसाळा संपता संपता करावी. धोबी पक्षी येऊ लागतात, हरभऱ्याची पेरणी जवळ आलेली असते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा व १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस. या आठवड्यात मुलांच्याच हातून हरभऱ्यात थांबे रोवून घ्यावेत, प्रत्येक थांब्याला क्रमांक द्यावा व थांबा दोन-दोन मुलांच्या नावे करावा. पेरतानाच बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळली असेल तर तिच्या ताटांवरही पक्षी बसतात, त्यांचीही नोंद घ्यावी. फेब्रुवारीत देशभर चार दिवसांची पक्षी-मोजणी होते, तीत किमान पंधरा मिनिटे एका जागी थांबून पक्षी मोजून शाळेला भाग घेता येतो. पक्षी येतात म्हणून अळ्यांची पाहणी मात्र सोडू नये. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्या की शिफारशीप्रमाणे उपाय करावेत.

हरभरा निघाल्यावर थांबे शेतात पडू देऊ नयेत. ते मोजून, पुसून शाळेच्या पडवीत ठेवावेत. क्रमांक पुसला गेला असेल तर ज्या मुलांचा थांबा त्यांच्याकडूनच पुन्हा घालून घ्यावा.