प्रयोगाचा पाया : परिकल्पना, चल आणि तुलना

तपासता येईल असे विधान म्हणजे परिकल्पना. चेन्नईजवळील तांबरम येथे 1928 मध्ये क्षयरोग आरोग्यधाम सुरू झाले. मोकळी हवा, विश्रांती व सकस आहार यांवाचून क्षय बरा होत नाही, ही त्या काळातील प्रचलित धारणा होती. प्रभावी औषधे आल्यानंतर, खाटा अपुऱ्या असताना, घरीच उपचार शक्य आहेत काय, हा प्रश्न निर्माण झाला.

1956 मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली. गंभीर रुग्ण एकाच गटात गेले असते, तर तुलना फसवी ठरली असती. औषधे दोन्ही गटांना सारखीच होती; हा ‘नियंत्रित घटक’. उपचाराचे ठिकाण हे ‘स्वतंत्र चल’, तर वर्षाअखेरीचा परिणाम हे ‘अवलंबी चल’ होय.

1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अनुकूल परिणाम घरी 86 टक्के, तर आरोग्यधामात 92 टक्के रुग्णांत आढळला. घरी आहार व विश्रांती कमी असूनही फरक अल्पच राहिला. परिणामी, खाटांची प्रतीक्षा करणाऱ्या गरीब रुग्णांना घरी उपचार देण्याच्या धोरणास भक्कम आधार लाभला. धारणा कितीही जुनी असली, तरी तिची कसोटी तुलनाच असते.