नामरूपज्ञान आणि संगणक : वनौषधींच्या छायाचित्रसंग्रहासाठी सॉफ्टवेअर निवडताना

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात असे सांगितले आहे की, शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी हे ओषधींना नामाने व रूपाने ओळखतात. परंतु तेवढ्याने त्यांच्या योजनेचे ज्ञान होत नाही. आपण वैद्यमंडळी या विचाराचा उत्तरार्ध आवर्जून सांगत असतो. प्रस्तुत लेखाचा संबंध मात्र पूर्वार्धाशी आहे. डिजिटल कॅमेरा आणि त्यानंतर मोबाइल हाती आल्यापासून रूप साठवणे अत्यंत सुलभ झाले. नाम त्या रूपाशी बांधून ठेवणे राहून गेले. संगणकात हजारो छायाचित्रे आहेत, पण ती कोणत्या झाडाची, कोठली आणि कोणत्या ऋतूतील हे सांगता येत नाही, अशी अनेक संग्रहांची स्थिती आहे. आमच्याही संग्रहाची होती, म्हणून हे लिहीत आहोत.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. जलाशयाच्या परिसरातील अरण्य पानझडीचे. ऐन, धावडा, बिजा, मोह, तेंदू, बेहडा आणि चारोळी हे वृक्ष तेथे आहेत, नाल्याच्या काठाने अर्जुन आहे, आणि पावसाळा लागला की शतावरी व गुळवेल झुडपांवर चढू लागतात. जवळच नवेगाव राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९७५ साली घोषित झाले आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट आहे. अशा संरक्षित क्षेत्रातून वनस्पतीची फांदी तोडून आणणे कायद्याने वर्ज्य आहे. त्यामुळे शुष्क नमुना करण्याचा मार्ग तेथे अभ्यासकाला सहजी खुला नाही. छायाचित्र हाच नमुना मानून चालावे लागते. आमचा लहानसा द्रव्यगुण अभ्यासगट अनेक वर्षे ऋतुमानाप्रमाणे या परिसरात जात आला आणि पाहता पाहता छायाचित्रांची संख्या बारा हजारांच्या वर गेली.

प्रारंभी आम्ही एका विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक छायाचित्राखाली नाव लिहीत होतो. पडद्यावर नाव दिसे, शोधले की सापडे. आम्ही निश्चिंत होतो. पुढे संगणक बदलला. छायाचित्रांचे सर्व फोल्डर नव्या संगणकात जसेच्या तसे उतरवले, आणि नावे मात्र आली नाहीत. ती छायाचित्रांत नव्हतीच. ती त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या कोठारात होती, आणि ते कोठार जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेले होते. हा दोष सर्वस्वी आमचा. कोठार कोठे आहे, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

याची किंमत कुड्याच्या प्रकरणात कळली. अभ्यासगटातील एका औषधनिर्मात्याकडे कुटजाच्या सालीचे पोते आले. साल पाहून शंका आली म्हणून त्यांनी आमच्याकडील छायाचित्रे मागितली. पांढरा कुडा आणि काळा कुडा यांची गफलत बाजारात किती होते, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. पहिला होलॅऱ्हेना, ज्याचे बी कडू इंद्रजव. दुसरा राइटिया टिंक्टोरिया, ज्याचे बी गोड इंद्रजव. फूल असेल तर प्रश्नच नाही : राइटियाच्या फुलाच्या कंठाशी झालरीसारखे तंतू असतात, होलॅऱ्हेनाच्या फुलात ते नसतात. राइटियाच्या जोडशेंगा कोवळेपणी टोकाशी जुळलेल्या असतात, होलॅऱ्हेनाच्या सुट्या. परंतु पोत्यात ना फूल होते ना शेंग. आमच्याकडे दोन्ही वृक्षांच्या खोडांची जवळून घेतलेली चांगली छायाचित्रे होती, त्याच झाडांच्या फुलांचीही होती. पण कोणते खोड कोणत्या फुलाचे, हे जोडणारी नोंद गेलेली. चव घेऊन पाहावी, असे कोणी म्हणेल. ती घेतलीच; होलॅऱ्हेनाची साल जिभेवर लपत नाही. परंतु फार्मसीच्या तुलनात्मक नोंदवहीत चव चिकटवता येत नाही. शेवटी पुढच्या उन्हाळ्यात, कुडा फुलल्यावर, आम्ही पुन्हा इटियाडोहला गेलो आणि तीच झाडे शोधून पुन्हा छायाचित्रे घेतली. तोपर्यंत ते पोते तसेच पडून होते.

नाव कोठे राहते?

सतराव्या शतकातील ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाचे येथे स्मरण होते. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे बारा खंडांत तो प्रसिद्ध झाला. कोचीनचे रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोकणी वैद्य आणि इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य यांचे त्याला साहाय्य होते. त्यातील चित्रांच्या पाट्यांवरच वनस्पतींची नावे कोरलेली आहेत, नागरी लिपीतही. चित्राचे पान ग्रंथातून सुटले तरी नाव त्याच्याबरोबर जाते. वनस्पतिसंग्रहालयातील शुष्क नमुन्याच्या कागदावर चिकटवलेली चिठ्ठीही हेच काम करते.

डिजिटल छायाचित्रात अशी चिठ्ठी चिकटवण्याची सोय आहे. कॅमेरा स्वतः दिनांक, वेळ आणि मोबाइलमध्ये स्थाननोंद चालू असल्यास अक्षांश-रेखांश लिहितो. या भागास एक्झिफ म्हणतात. आपण लिहावयाची नावे व वर्णन यांसाठी आयपीटीसी हा जुना आणि एक्सएमपी हा नंतरचा असे दोन प्रकार आहेत. ही माहिती फाइलच्या आतच बसते. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना आमचा पहिला आणि जवळजवळ एकमेव प्रश्न हा असतो : मी लिहिलेले नाव हे छायाचित्रात लिहिते, की स्वतःपाशी ठेवते?

याचे उत्तर जाहिरातीवरून मिळत नाही, प्रयोगाने मिळते. एका छायाचित्राला ‘कुटज’ असा शब्द जोडावा. ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर न्यावी, जेथे ते सॉफ्टवेअर नाही. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमधील डिटेल्स या भागात टॅग्ज या ओळीवर ‘कुटज’ दिसले, तर सॉफ्टवेअर विश्वासास पात्र. पाच मिनिटांचे काम आहे. आम्ही ते सात-आठ वर्षे उशिरा केले.

सॉफ्टवेअर कायमचे नसते, हेही ध्यानात असावे. आपल्यापैकी अनेकांचे आवडते पिकासा गूगलने २०१६ साली बंद केले. ॲपलने ॲपर्चरचा विकास थांबवल्याचे २०१४ मध्ये जाहीर केले. गूगल फोटोजमधील अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून संपली. शिवाय तेथे लिहिलेले वर्णन टेकआउटने उतरवून घेतल्यास वेगळ्या फाइलींत येते, छायाचित्रात नव्हे. ॲडोबीचे लाइटरूम हे छायाचित्रकारांचे उत्तम साधन आहे, पण ते आता वर्गणीने मिळते आणि आपण तशी सूचना दिल्याशिवाय शब्द आपल्या कॅटलॉगमध्येच ठेवते. ते वापरणाऱ्यांनी एक्सएमपीत आपोआप लिहिण्याचा पर्याय आधी चालू करावा.

आम्ही स्वतः डिजिकॅम स्वीकारले. ते मुक्तस्रोत व विनामूल्य असून विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. त्यात शब्दांची उतरंड करता येते, नकाशावर स्थान दिसते, आणि नोंदी छायाचित्रातच लिहिण्याचा पर्याय आहे. सेटिंग्जमध्ये तो पर्याय तपासूनच कामास लागावे. मोठा संग्रह प्रथम वाचून घेण्यास त्यास बराच वेळ लागतो. जुन्या संगणकावर रात्रभर चालू ठेवणे बरे.

देवनागरीसंबंधी एक सूचना. आयपीटीसीच्या जुन्या व्यवस्थेत प्रत्येक शब्दास ६४ बाइट एवढीच जागा आहे. युनिकोडच्या प्रचलित लेखनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेते. म्हणजे एकवीस चिन्हांत नाव संपले पाहिजे. एक्सएमपीला ही अडचण नाही. तरीही शब्द आखूड ठेवणे आणि लांब मजकूर वर्णनाच्या जागी लिहिणे इष्ट.

नावांची शिस्त

हिरडा, हरडा, हरीतकी असे तीन वैद्यांनी तीन शब्द लिहिले, तर एका शोधात एकतृतीयांशच छायाचित्रे हाती येतात. आम्ही आयुर्वेदिक फार्माकोपियातील संस्कृत नाव मुख्य धरले आणि मराठी व इटियाडोह परिसरातील स्थानिक नाव त्याखाली जोडले. शास्त्रीय नावे बदलतात. होलॅऱ्हेना अँटिडिसेंटेरिका आज प्युबेसेन्स या नावाने लिहिले जाते, पण औषधनिर्मितीच्या कागदपत्रांत जुने नाव आढळते. दोन्ही लिहावीत. टाकळ्याचेही तसेच : कॅसिया टोरा आणि सेना टोरा. याशिवाय प्रत्येक झाडाला क्रमांक दिला. उन्हाळ्यातील फूल, पावसाळ्यातील पान, हिवाळ्यातील शेंग आणि खोडाची साल ही एकाच झाडाची आहेत, हे त्यानेच सिद्ध होते. ओळख कोणी पटवली तेही लिहितो, आणि खात्री नसेल तेथे ‘संदिग्ध’ हा शब्द जोडतो. शंखपुष्पी, रास्ना, पाषाणभेद यांच्याबाबतीत हा शब्द आमच्याकडे बराच वापरला जातो, त्यात कमीपणा वाटत नाही.

व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवले की आतील नोंदी गळून जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास टिकतात. औषधनिर्मात्यास पडताळणीसाठी पाठवताना दुसरा मार्ग घ्यावा. उलट, दुर्मीळ वनस्पतीचे छायाचित्र सर्वांना पाठवावयाचे असेल तर अक्षांश-रेखांश आधी काढून टाकावेत. जागा कळली की मुळासकट उपटून नेणारे पोहोचतात. संग्रहाच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी असाव्यात, एवढे सांगून हा भाग सोडतो.

जुन्या छायाचित्रांपैकी ज्यांत फूल किंवा फळ आहे, त्यांची नावे आम्ही पुन्हा लावली. उरलेली, बहुतेक नुसत्या खोडांची, ‘अनामिक’ या फोल्डरमध्ये आहेत. त्यांवरील दिनांक व क्रम पाहून काहींची संगती लागते. इटियाडोहच्या पुढच्या फेरीत त्यांपैकी नाल्याकाठची छायाचित्रे छापून बरोबर नेणार आहोत. गावातील जाणकार गुराखी ती झाडे खोडावरून ओळखतात, असा अनुभव आहे.