दहा दिवसांची नोटीस

मानवतला आमची जिनिंग-प्रेसिंगची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. ऐन हंगामात, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या असताना, यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीची नोटीस आली. सव्वा कोटीची बाकी, दिवाळखोरी संहितेचे कलम ८. यंत्रे कराराइतकी रुई काढत नव्हती, म्हणून आम्ही शेवटचे हप्ते रोखले होते.

आपल्याकडे नोटीस आली की ‘कोर्टात बघू’ म्हणतात. २०१६ च्या या कायद्यात तसे म्हणून भागत नाही. मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला, की संचालकांचे अधिकार निलंबित होतात आणि कारखान्याच्या किल्ल्या बाहेरून नेमलेल्या व्यावसायिकाकडे जातात. शिवाय कंपनीविरुद्धच्या वसुलीला स्थगिती मिळते. म्हणजे काल कापूस घातलेल्या शेतकऱ्यालाही चुकाऱ्यासाठी त्या माणसाकडे दावा नोंदवून थांबावे लागते. कर्जाचे हप्ते, पोरीचे लग्न त्या चुकाऱ्यावर असते. माझी झोप उडाली ती या विचाराने.

आम्हाला तारले आमच्या मुनीमजींनी. यंत्र बिघडले की त्याच दिवशी पुरवठादाराला ईमेल करायचा, हा त्यांचा नेम. मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे: नोटिशीच्या आधीपासून खरा वाद असेल तर अर्ज फेटाळावा; तो वाद शेवटी कोण जिंकेल, हे तिथे पाहायचे नाही. मात्र वाद नोटिशीनंतर रचलेला नसावा. ते ईमेल जोडून आम्ही मुदतीत उत्तर दिले. तरीही अर्ज झाला, देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईच्या खेपा झाल्या, पण अर्ज फेटाळला गेला. पैशांचा दावा आता दिवाणी न्यायालयात आहे.

मार्च २०२० पासून १ कोटीखालच्या थकबाकीवर असा अर्ज होत नाही. पण दोन-तीन थकलेली बिले मिळून जिनिंगवाल्याला तो आकडा दूर नसतो. म्हणून तक्रार फोनवर करून सोडू नका, लेखी करा. मार्चअखेरीस पुरवठादार बाकी-मान्यतेचे पत्र पाठवतो, ते नुसते सही करून परत देऊ नका. रक्कम वादात आहे, असे त्यावर लिहा. ती कोरी सही पुढे तुमच्याच विरुद्ध वाचली जाते. आणि नोटीस आली तर त्याच दिवशी वकील गाठा. उत्तराचे दहा दिवस नोटीस हाती पडल्यापासून मोजतात.