साच्यातून निघण्याआधीची होडी

बीडकडच्या नारायणगडाच्या पायथ्याला वाढलेल्या पोराची होडीशी पहिली भेट बहुधा पंढरपुरात होते. आमच्या गडाला धाकटी पंढरी म्हणतात. थोरल्या पंढरीला आजीबरोबर गेलो, तेव्हा चंद्रभागेत मी पहिल्यांदा होडीत बसलो. पुढे कामासाठी मालवणकडे गेलो आणि खाडीकाठच्या एका छोट्या कारखान्यात हिशेब लिहू लागलो. तिथं फायबरच्या होड्या बनत. मालकांनी कारखान्याचं इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि व्हॉट्सॲपही माझ्याकडे दिलं. आता गावी परतलो आहे, पण ते काम सुटलेलं नाही. त्यात जे हाती लागलं, ते सांगतो.

१. रंग चढण्याआधीचं दाखवा.

सुरुवातीचे तीन महिने मी फक्त तयार होड्यांचे फोटो टाकले. निळा-पांढरा रंग, मागे समुद्र, वर एखादं गाणं. बदाम भरपूर आले, विचारणा एकही आली नाही. कारण मला उशिरा समजलं. रंग चढला की पक्की होडी आणि कच्ची होडी सारखीच दिसते. जो कर्ज काढून होडी घेणार आणि तिच्यावर जीव टाकून समुद्रात जाणार, त्याला रंगाच्या आत काय आहे ते बघायचं असतं.

साच्यात काचतंतूंच्या मॅटचा थर अंथरतात, त्यावर रेझिन लावतात, रोलर फिरवून अडकलेली हवा काढतात आणि मग पुढचा थर घेतात. हवा राहिली तर तिथं पांढुरका डाग दिसतो, आणि तिथून थर सुटण्याची भीती असते. एकदा मी चित्रण करत असतानाच होड्या घडवणाऱ्या आमच्या मिस्त्रीकाकांना असा डाग दिसला. त्यांनी ग्राइंडरनं तेवढा भाग काढून टाकला आणि नव्यानं भरायला घेतला. माझा फोन चालूच होता. "ह्यां कित्याक काढतंस?" ते म्हणाले. आपली चूक जगाला कशाला दाखवायची, असा त्यांचा सवाल होता. मी त्यांना आणि मालकांना विचारलं, दोघांचा होकार घेतला आणि व्हिडिओ काही न वगळता टाकला. संध्याकाळी देवगडकडच्या एका मच्छीमाराचा फोन आला. त्यानं आधी विचारलं, "डाग तुमचा तुम्हीच शोधलात ना?" किंमत सगळ्यात शेवटी विचारली. त्या हंगामातली पहिली ऑर्डर त्याची.

२. कोरड्या मुलखातले प्रश्न विचारा.

साच्याला आधी मेण का लावता? रंगाचा थर सगळ्यात पहिला का? कारखान्यात हे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ते माहीत असतं. मला माहीत नव्हतं. फायबरची होडी बाहेरून आत घडते, जो थर शेवटी जगाला दिसतो तोच साच्यात सगळ्यांत आधी बसतो, हे ऐकून मी थक्क झालो होतो. त्या एका उत्तराचा मिनिटभराचा व्हिडिओ केला आणि तो आजही बघितला जातो. मिस्त्री बोलत असतील तर त्यांची मालवणी तशीच ठेवा. लागलंच तर खाली अक्षरं टाका.

३. समुद्राचं पंचांग पाळा.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, माणसं घरी असतात आणि फोन हातात असतो. मी या काळात जाहिरात करत नाही. जुन्या होडीचा तडा कसा तपासावा, इंजिन बसतं ती जागा हलते का हे कसं बघावं, दमट हवेत रेझिन नीट घट्ट व्हायला का त्रास देतं, असं उपयोगाचं टाकतो. नारळी पौर्णिमेला फक्त शुभेच्छा देतो. नव्या होडीचा विषय पावसाळ्यानंतर काढतो.

४. आपल्या मातीतली गोष्ट सोडू नका.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलेलं आहे. त्यावरून गोव्याच्या होडी इनोव्हेशन्सनं एक जहाज बांधलं, आणि केरळचे बाबू शंकरन यांच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीनं शिवल्या. जुना आराखडा हाती नव्हता, चित्र बघूनच सगळं ठरवावं लागलं. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं, आयएनएसव्ही कौंडिण्य या नावानं. मराठवाड्याच्या भिंतीवरचं जहाज पाण्यात उतरलं, याचा मला फार अभिमान वाटला. मी हे मिस्त्रीकाकांना सांगितलं, तर ते त्यांच्या वडिलांच्या लाकडी होड्यांबद्दल बोलू लागले: उंडीचं लाकूड, फटींत ठासायचा कापूस, वरून तेल. तासभर चित्रण झालं. त्यातली चार मिनिटं टाकली. उरलेलं जपून ठेवलं आहे, कारण हे सांगणारी माणसं आता थोडी राहिली आहेत.

५. लाइफ जॅकेटशिवाय एकही फोटो नाही.

मे २०२४ मध्ये उजनी धरणात वादळी वाऱ्यानं प्रवासी बोट उलटली आणि सहा जण गेले. त्या आठवड्यात मी आमचं सगळं खातं तपासलं. जॅकेट नसलेला किंवा बोट खचाखच भरलेली दिसणारा प्रत्येक व्हिडिओ काढून टाकला. त्यातले दोन खूप चाललेले होते. मालकांनी विचारलं, मी कारण सांगितलं, आणि त्यांनी लगेच मान डोलावली.

६. "किंमत?" एवढंच विचारणाऱ्यालाही पूर्ण उत्तर द्या.

लांबी किती, थर किती, इंजिन धरून की सोडून, हे सगळ्यांना दिसेल असं लिहा. "इनबॉक्समध्ये या" म्हटलं की माणूस निघून जातो.

गेल्या वर्षी हेच वाचून आमच्याकडच्या माजलगाव धरणावरच्या एका मच्छीमारानं होडी मागवली. ती ट्रकनं आली, सोबत मिस्त्रीकाकाही आले. ते पाण्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "हंय भरती येणा नाय?"

मी म्हणालो, "नाही काका. इथं ओहोटी वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात. पाणी शेताला जातं, काठ दूर सरकतो आणि होडी दगड-चिखलातून ओढत न्यावी लागते."

ते खाली वाकले, तळावरून हात फिरवला. "मगे तळ जाड होयो," म्हणाले. धरणावरच्या पुढच्या होडीच्या तळाला एक थर जास्त घातला. त्या थराचा व्हिडिओ मी धरणावरच, पाण्याकाठी उभं राहून टाकला.