आधी हॉल मोजा, मग टॉवर

उभे स्पीकर, म्हणजे दुकानात ज्यांना सगळे टॉवर म्हणतात ते, घ्यायचे म्हणून कुणाचा फोन आला की मी ब्रँड विचारत नाही. बजेटही नंतर. आधी हॉलची माहिती घेतो. लांबी-रुंदी किती, सोफा कुठे, आणि स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढलेले घरात चालतील का? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : ‘पुढे कशाला? टीव्ही युनिटला चिकटून ठेवणार की!’ मग मी आमच्या डग्ग्याची गोष्ट सांगतो.

आमचा कोथरूडचा हॉल सोळा फूट बाय दहा. एका टोकाला टीव्ही, समोरच्या टोकाला भिंतीला टेकलेला सोफा. टॉवर ऐकले ते दुकानातल्या खास खोलीत. तिथे जाड गालिचा, भिंतींवर कापडी पॅनेल, स्पीकरच्या मागे चांगली चार फूट मोकळी जागा. सेल्समनने आधी छोटी जोडी लावली, मग टॉवर, आणि टॉवर लावताना आवाजाचा काटा हळूच वर नेला. फरक जमीन-अस्मानाचा वाटला. वाटणारच! आवाज थोडा वाढवला की माणसाच्या कानाला खर्ज भरघोस लागतो. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मनसन यांनी हे 1933 सालीच मोजून दाखवलं होतं, आणि जगभरचे विक्रेते तेव्हापासून त्याच्यावर पोट भरतायत.

घरी आल्यावर सिनेमातले स्फोट जोरदार, गाणंही बरं, पण तबला बिघडला. डग्ग्यावर तळहात दाबत घिस्सा काढला की सूर खालून वर चढतो. आमच्याकडे तो चढता चढता एका जागी अचानक फुगायचा आणि तेवढी जागा ओलांडली की परत माणसात यायचा. अभंगात पखवाजाची थाप त्याच जागी बसली तर गाणाऱ्याचे शब्दच बुडायचे. खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात विचारलं, ‘वरती गिरणी टाकलीय का हो?’ दुकानदाराचं म्हणणं, ‘सर, शंभर तास वाजू द्या, मोकळे होतात.’ स्पीकर मोकळे झाले असतील, हॉल काही झाला नाही. आणि खोकं फोडलेला माल परत घेत नाहीत, हे बिलाच्या मागे बारीक अक्षरात होतंच.

घोटाळा होता भिंतींचा, आणि त्यामागचं गणित आठवीतल्या मुलाला जमेल. ध्वनी सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. या आकड्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. सोळा फूट म्हणजे 4.88 मीटर, उत्तर आलं 35 हर्ट्झ. त्याची दुप्पट 70. दहा फुटांच्या रुंदीचे 56. या कंपनसंख्यांना लाट भिंतीवरून परतून स्वतःलाच भेटते आणि खोली त्या सुराला धरून बसते. सत्तर हर्ट्झ म्हणजे फार खालचं काही नाही बरं का. काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांच्या तंबोऱ्याची खर्जाची तार 69 च्या आसपास असते. म्हणजे आमचा हॉल थेट गाण्याच्या पायातच घुमत होता.

त्यातून सोफा भिंतीला टेकलेला. असा घुमणारा प्रत्येक सूर भिंतीपाशी सगळ्यात मोठा असतो, आणि आपण नेमके तिथेच तक्क्याला रेलून बसतो. परदेशी परीक्षणं वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत भिंती पोकळ सांगाड्यावर ठोकलेल्या जिप्सम बोर्डाच्या असतात. त्या थोड्या हलतात आणि बराच खर्ज गिळतात. आपल्याकडे वीट, काँक्रीट आणि खाली विट्रिफाइड टाइल. आपली खोली काहीच गिळत नाही. तिथे ‘भरीव’ म्हणून गौरवलेला टॉवर इथे ढोलासारखा वाजू शकतो.

उपाय स्वस्तातले निघाले. सोफा दोन फूट पुढे घेतला. घरात यावर जी चर्चा झाली ती इथे देत नाही. टॉवर भिंतीपासून दीड फूट पुढे, कोपऱ्यांपासून आत. त्यांच्या पाठीला हवेचं भोक असतं त्यात खोक्यातून आलेला फोमचा बोळा बसवला. बोळ्याने खर्ज कमी होतो, पण जो उरतो तो आटोपशीर वाजतो. डग्गा बराचसा ताळ्यावर आला. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांनी भरलेलं कपाट यांचाही उपयोग आहे, पण तो टाळांच्या किणकिणाटाला आणि संवादांना. सत्तर हर्ट्झची लाट जवळजवळ पाच मीटर लांब, तिला पडदा काय अडवणार!

आता सिनेमाचं. इथे बहुतेकांचे पैसे वाया जातात. एव्ही रिसीव्हरला सबवूफर जोडला की सहसा 80 हर्ट्झच्या खालचं सगळं त्याच्याकडे पाठवतात. सेटिंगमध्ये टॉवरसुद्धा ‘स्मॉल’ म्हणूनच नोंदवायचे असतात. म्हणजे टॉवरमधल्या ज्या खालच्या सुरांसाठी जास्तीचे पैसे मोजले, ते सिनेमा चालू असताना बसूनच असतात. म्हणून ज्यांच्या घरी मुख्यतः सिनेमे आणि मॅचेस, त्यांना मी सरळ सांगतो : चांगले बुकशेल्फ स्पीकर, मजबूत स्टँड आणि एक बरा सबवूफर. सबवूफर जिथे कमी घुमेल तिथे सरकवता येतो. टॉवरना ते सुख नाही, त्यांना टीव्हीच्या दोन बाजूंनाच उभं राहावं लागतं. उरलेला पैसा मधल्या सेंटर स्पीकरवर घालावा. तो डाव्या-उजव्याच्याच मालिकेतला हवा, कारण बहुतेक संवाद त्याच्यातून येतात आणि पात्र चालत कडेला गेलं की आवाजाचा रंग बदललेला लगेच खटकतो.

मग टॉवर घ्यायचेच नाहीत? घ्यावेत की. सबवूफरची भानगड नको, दोन स्पीकर आणि एक स्टिरीओ अ‍ॅम्प्लिफायर लावून रोज गाणं ऐकायचं आहे, हॉलमध्ये हवेला जागा आहे, अशा घरात टॉवरसारखं दुसरं काही नाही. स्टँडवरचा छोटा स्पीकरही जमिनीची तेवढीच जागा खातो, हेही खरं. फक्त आमच्याएवढ्या हॉलला पाच-साडेसहा इंची वूफरचे सडपातळ टॉवर पुरतात. आठ इंची जोडवूफरचे धिप्पाड मोठ्या बंगल्यासाठी सोडावेत.

वॉटच्या आकड्याला मी फार भाव देत नाही. शंभरचे दोनशे वॉट केले तर वाढतात फक्त तीन डेसिबल. तेवढाच फरक 86 ऐवजी 89 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला की फुकटात पडतो. रिसीव्हरच्या खोक्यावरचा मोठा आकडा तर पुष्कळदा एकच चॅनेल एकाच सुरावर चालवून काढलेला असतो. दोन चॅनेल, 20 ते 20,000 हर्ट्झ, असं लिहिलेला आकडा शोधा. स्पीकर चार ओहमचा असेल तर रिसीव्हरला तो पेलतो का, हे त्याच्या पुस्तिकेत बघून घ्या.

ऐकायला जाताना आपली गाणी न्यावीत, पाठ असलेली. माझ्याकडे एक अभंग असतोच. टाळ कानाला टोचले तर ट्वीटर तिखट, पखवाज शब्दांवर चढला तर खर्ज सैल. तंबोऱ्याची जवारी सुटी सुटी ऐकू यायला हवी. जोड्या बदलताना मोबाइलवरच्या डेसिबल अ‍ॅपने आवाज सारखा करून घ्या. सेल्समन कुरकुरेल, कुरकुरू दे. शक्य तर कुठला स्पीकर वाजतोय ते न बघता ऐका. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी 1994 मध्ये हे तपासलं होतं. स्पीकर दिसत असताना दिलेले गुण आणि पडद्याआड दिलेले गुण जुळले नाहीत. थोराड आणि देखणा डबा डोळ्यांनाच आधी पटतो.

किरकोळ पण नंतर छळणारं थोडं. पुण्यातल्या तपकीर गल्लीत वायर घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. टॉवर टाइलवर थेट टेकवू नका, खाली रबरी पाय हवेत. डबा असतो एमडीएफचा, आणि रोजच्या ओल्या फडक्याने तो तळापासून फुगत जातो.

जुनी जोडी मिळत असेल तर जरूर बघा, पण वूफरच्या कडेची पट्टी आधी तपासा. रबराची असेल तर वर्षानुवर्षं टिकते. फोमची असेल तर मुंबई-कोकणाच्या दमट हवेत तिचा भुगा होतो, बोट लावलं की कळतं. मग चार बोटं वूफरच्या शंकूवर सारखी टेकवून तो हलकेच आत दाबा आणि सोडा. आतून खरखर आली तर कॉइल घासतेय, मालकाने किंमत कितीही उतरवली तरी ती जोडी घेऊ नका.